लांब सोंडेचे मासे आणि पाण्यातली वीज

पुढच्या वेळी बाजारात मुशी, म्हणजे लहान शार्क, घ्याल तेव्हा कोळीण मावशींना म्हणा, "मावशी, कापायच्या आधी जरा बघू द्या." मुशी उलटी करा आणि तिच्या नाकाडाची खालची बाजू उजेडात धरा. त्या पांढुरक्या कातडीवर सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतील. एकदोन नाहीत, शेकड्यांनी. बोटानं जरा दाबलंत तर त्यांतून काचेसारखा स्वच्छ, चिकट द्रव वर येईल. ती घाण नाही आणि मासा शिळा झाल्याची खूणही नाही. मुशी ज्या इंद्रियानं शिकार शोधते ते इंद्रिय तुमच्या बोटाखाली असतं. तसलं इंद्रिय आपल्याला नाही.

मला लिहायचंय ते खरं तर लांब तोंडाच्या माशांबद्दल. कुणाच्या तोंडापुढे करवत, कुणाच्या वल्हं, कुणाच्या सोंड. पण ही छिद्रं समजून घेतली नाहीत तर त्या तोंडांचा अर्थ लागत नाही. माणसांनाही तो फार उशिरा लागला.

१६७८ साली इटलीतल्या स्तेफानो लोरेन्झिनी यांनी या छिद्रांचं बारकाईनं वर्णन केलं. प्रत्येक छिद्राच्या मागे कातडीखालून जाणारी एक नळी, नळीत तो जेलीसारखा द्रव आणि नळीच्या तळाशी एक इवलासा फुगा. नळी आणि फुगा मिळून लांब मानेची कुपी दिसते. आजही त्यांना 'लोरेन्झिनीच्या कुप्या' म्हणतात. पण या कुप्या करतात काय, हे पुढची जवळजवळ तीनशे वर्षं नीट कळलं नव्हतं. कुणाला वाटलं त्या तापमान मोजतात, कुणाला वाटलं पाण्याचा दाब. १९६० च्या सुमाराला प्रयोगांतून दिसू लागलं की त्यांना वीज जाणवते, तीसुद्धा अतिशय मंद.

पाण्यात वीज येते कुठून? माशाच्या अंगातून. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित कण होतात. माशाच्या अंगातल्या द्रवात क्षारांचं प्रमाण एक असतं, भोवतालच्या पाण्यात दुसरं. जाड कातडी आणि खवले हा फरक बहुतेक ठिकाणी अडवून धरतात. पण कल्ल्यांवरची आणि तोंडाच्या आतली कातडी पातळ असते, कारण तिथूनच श्वास घ्यायचा असतो. तिथे हे कण झिरपतात आणि माशाभोवती विजेचं एक अगदी पुसट वलय तयार होतं. मासा तोंड उघडतो, मिटतो, कल्ले हलतात, तसतसं हे वलय कमीजास्त होत राहतं. लेपा हा चपटा मासा वाळूत अंग पुरून घेऊ शकतो, वाळूचा रंग घेऊ शकतो, निपचित पडू शकतो. श्वास मात्र थांबवू शकत नाही. तिथेच तो सापडतो.

हे ज्या प्रयोगातून पक्कं झालं तो मला फार आवडतो. नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या आड्रिआनुस काल्माइन यांनी तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. टाकीच्या तळाला वाळूखाली त्यांनी एक चपटा मासा ठेवला आणि त्याच्यावर अगारचं झाकण घातलं. चायना ग्रास म्हणून आपण जे ओळखतो तेच हे अगार. त्यातून मासा दिसत नाही, पण वीज आरपार जाते. लपवलेल्या माशाजवळचं पाणी नळीनं दूर दुसरीकडे सोडलं होतं, म्हणजे वास यायचा तर तिकडून यावा. एक लहान जातीची मुशी टाकीत सोडली. ती वासाकडे गेली नाही. नेमकी माशाच्या डोक्यावर आली आणि वाळू उकरायला लागली.

मग काल्माइन यांनी अगारवर प्लास्टिकचा पातळ कागद पसरला. प्लास्टिकमधून वीज जात नाही. मुशी त्याच जागेवरून गेली आणि तिला काही कळलं नाही. शेवटी मासा काढून टाकला आणि वाळूत नुसते दोन विद्युताग्र पुरून माशाइतकीच मंद वीज सोडली. मुशीनं त्या विद्युताग्रांवर झडप घातली. जवळच ठेवलेल्या खऱ्या माशाच्या तुकड्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. एकेक शक्यता अशी हातानं बाजूला करत नेली की उरलेल्या उत्तराबद्दल शंका राहत नाही.

या कुप्या किती संवेदनशील असतात? एका सेंटीमीटर अंतरात व्होल्टच्या एक अब्जाव्या भागाच्या पाचपट एवढा फरकही काही मुशींना जाणवतो. आकडा डोळ्यांपुढे आणायचा असेल तर असा विचार करा. घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल घ्या. त्याची एक तार भारताच्या अगदी उत्तर टोकाला नेऊन रोवा, दुसरी कन्याकुमारीला. मध्ये सव्वातीन हजार किलोमीटर. तो दीड व्होल्ट एवढ्या अंतरात सारखा वाटला तर प्रत्येक सेंटीमीटरच्या वाट्याला जेवढा येईल, साधारण तेवढा.

तरीही या इंद्रियाला एक मोठी मर्यादा आहे. ते लांबून चालत नाही. माशाभोवतीचं विजेचं वलय अंतराबरोबर फार झपाट्यानं विरतं. अंतर दुप्पट झालं की ते निम्मं होत नाही, एक अष्टमांश होतं. तिप्पट झालं तर सत्ताविसावा भाग. म्हणून जगातली सगळ्यात तल्लख कुपीसुद्धा फार तर हात-दीड हातापर्यंतच उपयोगी पडते. वास मैलभरावरून येईल, आवाज त्याहून लांबून येईल, वीज नाही.

मग माशानं काय करावं? कुप्या अंगापासून पुढे न्याव्यात. शिकारीच्या जितक्या जवळ नेता येतील तितक्या, आणि जितक्या पसरता येतील तितक्या. दोन छिद्रं जितकी लांब लांब असतील, तितका त्यांना जाणवणाऱ्या व्होल्टमधला फरक मोठा आणि दिशा ओळखणं सोपं. तोंडापुढे लांब काहीतरी वाढवायचं, त्याला कुप्यांनी मढवायचं आणि ते पाण्यातून फिरवत चालायचं. आंधळ्या माणसाच्या काठीसारखं. फरक एवढाच की ही काठी न टेकताच सांगते.

आता करवत मासा बघा. त्याला पाहून सगळ्यांची पहिली समजूत चुकते, माझीही चुकली होती. चार-पाच मीटर लांब, कधी सहा मीटरच्याही पुढे जाणारा मासा, आणि अंगाच्या जवळपास पाव भागाएवढी चपटी करवत, दोन्ही कडांना दात. बघणाऱ्याला वाटतं हा शार्क आहे आणि करवतीनं होड्या कापतो. दोन्ही खोटं. करवत मासा शार्क नाही, तो पाकटांच्या, म्हणजे चपट्या रे माशांच्या, गोतातला. खात्री करायची तर त्याला उलटा करून बघायचं. कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असतात, पाकटासारख्या. शार्कच्या त्या अंगाच्या कडेला असतात. करवत असलेला एक खरा शार्कही आहे. तो आकारानं पुष्कळ लहान असतो, त्याच्या करवतीच्या मधोमध दोन मिशा लोंबतात आणि कल्ले कडेला असतात. दोघांची करवत एकमेकांकडून आलेली नाही, स्वतंत्रपणे उगवलेली आहे. डायनोसॉरच्या काळात अशाच करवतीचं तिसरं घराणंही होतं. ते नामशेष झालं. एकच गोष्ट तीन वेळा वेगवेगळी घडली, याचा अर्थ तिचा उपयोग मोठा असणार.

ही करवत म्हणजे नाक नाही आणि जबडाही नाही. तो कवटीचाच पुढे वाढलेला भाग आहे. पाकटांच्या सांगाड्यात हाड नसतं, कूर्चा असते, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी, फक्त चुना साठून कडक झालेली. कडांचे दातही खरे दात नव्हेत. मुशीच्या कातडीवर उलटा हात फिरवला की खरखर लागते ना, त्या खवल्यांचंच हे मोठं झालेलं रूप आहे. प्रत्येक दात आपल्या खोबणीत बसलेला असतो आणि मुळाकडून आयुष्यभर वाढतो. टोक झिजलं तर भरून येतं. मुळासकट निघाला तर मात्र त्या जागी दुसरा येत नाही. दातांची संख्या जन्मापासून मरेपर्यंत तीच. मोठ्या दातांच्या जातीत एका कडेला साधारण १४ ते २४. तोंड कुठे असतं? करवतीच्या मागे, खालच्या बाजूला, आणि त्यात लहान लहान बोथट दात. डोळे वर, तोंड खाली. म्हणजे आपण काय खातोय हे या माशाला दिसतच नाही.

पूर्वी पुस्तकांत असायचं की करवत मासा करवतीनं चिखल उकरतो. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या बार्बरा वुअरिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकीतल्या पिल्लांचं चित्रीकरण केलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात माशाचे तुकडे सोडले की ही पिल्लं करवत सपासप बाजूला हाणत. काही फटके इतके जोराचे की तुकड्याचे दोन भाग होत. तुकडा तळाला पडला की करवतीनं तो दाबून धरत आणि तोंडाकडे सरकवत. म्हणजे करवत हत्यार आहे आणि हातही आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रयोगाचा दुसरा भाग. त्यांनी मासा ठेवलाच नाही. माशासारखी मंद वीज सोडणारे विद्युताग्र ठेवले. करवतीनं त्यांच्यावरही तसाच वार केला. करवतीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांवर कुप्यांची छिद्रं दाटीनं असतात. नदीमुखाच्या गढूळ पाण्यात, जिथे स्वतःची करवतही दिसत नसेल तिथे, हा मासा करवतीनं आधी जाणतो आणि मग तिच्यानंच मारतो. जाणणं आणि मारणं एकाच अवयवानं करणारे प्राणी तोपर्यंत कुणी फारसे पाहिले नव्हते.

आपण त्याला नाव दिलं ते सुताराच्या पेटीतलं, आणि त्या नावानंच आपली दिशाभूल केली. अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या वल्हेमाशाचंही तसंच झालं. त्याच्या तोंडापुढे अंगाच्या जवळपास एक तृतीयांश लांबीचं चपटं पातं असतं. लोकांनी ठरवलं की हा त्या पात्यानं तळ उकरत असणार. पण हा मासा चिखलातलं काही खातच नाही. तोंड पोत्यासारखं उघडून पोहत जातो आणि पाण्यातले तांदळाच्या कणीएवढे जीव गाळून घेतो. ते जीव त्याला सापडतात त्या पात्यामुळे. पात्यावर विजेच्या पन्नास हजारांहून अधिक कुप्या असतात. अंधाऱ्या टाकीत इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं पाहिलं तेव्हा वल्हेमाशाची पिल्लं एकेक पाणपिसू हेरून गट्ट करताना दिसली. पिसूएवढ्या जिवाच्या अंगातली वीज किती असेल! तीही त्यांना कळते.

या तल्लखपणाची दुसरी बाजूही आहे. पाण्यात धातूचा दांडा धरला की वल्हेमासा बिचकून बाजूला जातो, प्लास्टिकच्या दांड्याला मात्र तसा बिचकत नाही. धातू पाण्यात असला की त्याच्याभोवती आपोआप मंद वीज तयार होते. आता नद्यांवरचे लोखंडी दरवाजे आठवा. अंडी घालायला वर जाणाऱ्या अशा माशाला ते कसे जाणवत असतील, हा प्रश्न संशोधकांनीच उपस्थित केला आहे.

याचा एक भाऊ चीनमधल्या यांगत्से नदीत होता. होता, असंच म्हणावं लागतं. कित्येक मीटर वाढणारा, तलवारीसारख्या सोंडेचा. १९८१ मध्ये गेझोबा धरणानं नदी अडवली आणि त्याची वर जायची वाट बंद झाली. मासेमारी आधीपासून चालूच होती. शेवटचा जिवंत मासा २००३ मध्ये दिसला आणि २०२२ मध्ये तो नामशेष झाल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. माणसांनी त्याची सोंड काय काम करते हे समजून घेतलं, तोवर सोंडेचा धनी संपला.

आफ्रिकेतल्या काँगो आणि नायजर नद्यांकडे आणखी एक सोंडवाला असतो. वीतभर, काळसर, तोंडाशी हत्तीच्या पिल्लासारखी छोटी सोंड. हौशी लोक तो टाकीत पाळतात. त्याची सोंड म्हणजे वाढलेली हनुवटी. तोंड तिच्या वर असतं. आणि हा मासा दुसऱ्याच्या विजेची वाट बघत बसत नाही, स्वतः वीज सोडतो. शेपटीजवळच्या एका अवयवातून सेकंदाला अनेक वेळा हलके झटके देतो आणि भोवतालच्या वस्तूंनी त्या विजेत काय फरक पडला ते कातडीनं वाचतो. दगडाची सावली वेगळी पडते, अळीची वेगळी. सोंडेवर ही वीज टिपणारी इंद्रियं सगळ्यात दाट असल्यामुळे तो रात्री तळावरून ती डावी-उजवी फिरवत जातो, अंधारात आपण टॉर्च फिरवतो तशी. एवढं गणित करायला मेंदू लागतो. अंगाच्या मानानं त्याचा मेंदू प्रचंड मोठा असतो आणि शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे ६० टक्के तो एकटा खातो. माणसाचा मेंदू सुमारे २० टक्क्यांवर भागवतो.

सगळ्याच लांब तोंडांची गोष्ट विजेची नाही. तलवार मासा हाडाचा मासा आहे आणि त्याची तलवार म्हणजे वरच्या जबड्याची लांबलेली हाडं. तिच्यावर या कुप्या नाहीत. तो उघड्या समुद्रात वेगानं पोहतो, डोळ्यांनी शिकार शोधतो आणि खोल, थंड पाण्यात जाताना डोळ्यांजवळच्या एका बदललेल्या स्नायूनं डोळे आणि मेंदू गरम ठेवतो. तलवारीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ती २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवली. बारीक छिद्रांतून हे तेल डोक्यावर पसरतं आणि त्यामुळे पाण्याचा अडथळा कमी होत असावा असं त्यांचं म्हणणं आहे. तलवार कामाची किती? १९६७ मध्ये 'ॲल्विन' या संशोधक पाणबुडीवर सहाशे मीटर खोलीवर एका तलवार माशानं हल्ला केला आणि तलवार पाणबुडीच्या बाहेरच्या सांध्यात अडकून बसली. पाणबुडी त्याला घेऊनच वर आली.

आपल्या किनाऱ्यावरची कानमुशी मात्र विजेच्याच घराण्यातली. तिनं तोंड पुढे वाढवलं नाही, आडवं वाढवलं. हातोड्यासारखं डोकं आणि दोन टोकांना डोळे. तिच्या कुप्या इतर मुशींपेक्षा तल्लख असतात असं मला वाटायचं. तसं नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसलं की साध्या डोक्याच्या मुशीइतकीच मंद वीज तिला कळते. पण डोकं रुंद असल्यामुळे एका फेरीत ती जास्त वाळू चाचपते. शेत तेच, फक्त वखर रुंद.

आता पुन्हा करवत माशाकडे येतो, कारण त्याच्याबद्दल बोलायला वेळ फार उरलेला नाही. जगात त्याच्या पाचच जाती आहेत आणि पाचही संकटात आहेत. भारताच्या पाण्यात यातल्या काही जाती होत्या, अजून थोड्या असतील. जुने मच्छीमार त्या पाहिल्याचं सांगतात, तरुण फारसे सांगत नाहीत. कारण गुंतागुंतीचं नाही. मासेमारीत जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या भोकांचा आकार, मोठा ठेवला तर लहान मासे निसटतात, पिल्लं वाचतात. करवत माशाला हा नियम लागू पडत नाही. आस लहान असो की मोठा, एक दात अडकला की पुरे. सुटायला तो करवत झटकतो आणि आणखी गुरफटतो. मोठ्या दातांच्या जातीची पिल्लं जन्मतःच ७० ते ९० सेंटीमीटर असतात आणि करवत घेऊनच येतात. पोटात आईला इजा होऊ नये म्हणून तेव्हा करवतीवर जेलीसारखं मऊ आवरण असतं. थोड्याच दिवसांत ते गळून पडतं, आणि तिथून पुढे किनाऱ्यालगतचं प्रत्येक जाळं त्याच्यासाठी सापळा असतं. नदीमुखं, खाड्या, उथळ किनारे हीच त्याची वाढायची जागा आणि तिथेच सगळ्यात जास्त जाळी.

भारतात २००१ पासून करवत मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाबरोबर. त्याला पकडणं, विकणं गुन्हा आहे. पण जाळ्यात तो ठरवून येत नाही आणि त्याला सोडवायचं तर जाळं कापावं लागतं. जाळ्याला पैसे लागतात, ते ज्याचं त्यालाच माहीत. महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून एक योजना आहे. संरक्षित समुद्री जीव सोडवताना जाळं कापलं तर मच्छीमाराला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळते. त्यासाठी सोडवतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. ही माहिती प्रत्येक बंदरावर पोचली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र सोडवणाऱ्यानं पक्की धरायची. जाळं वाचवायला करवत कापून मासा पाण्यात सोडला तर तो पोहत जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं जीव वाचला. ऑस्ट्रेलियात करवत तुटलेले असे मासे सापडले आहेत. ते काही काळ जगतात, पण रोडावत जातात. करवतीबरोबर त्यांची मारायची ताकद तर जातेच, शिकार कुठे आहे हे सांगणारी छिद्रंही जातात. म्हणून मासा होडीवर ओढू नये, पाण्यातच राहू द्यावा. करवतीच्या दोन्ही बाजूंनी हात लांब ठेवावेत, कारण ती बाजूलाच फिरते. आणि लांब दांड्याच्या सुरीनं दातांभोवतीचा एकेक धागा कापत जावा.